आवाज मागून आला

धसई,
१५ जानेवारी २०२५

चि. श्वेता बाय,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

साईनाथचा भाजीचा टेम्पो उद्या शहापूरला जाणार आहे म्हणून लिहायला बसलो. बंगला खोलगटात आहे, इथं फोनला रेंज नाही. टेकडावर चढून फोन लावला की वाऱ्यात अर्धं कळतं आणि उरलेल्या अर्ध्याची काळजी मी करत बसतो. कागद बरा. पुन्हा पुन्हा वाचता येतो.

तू खोलीला आतून कडी लावतेस ना? गॅसची नळी बदललीस का? मागच्या खेपेला मी बघितली तेव्हा तिला चीर पडली होती. कंपनीच्या गाडीतून उतरल्यावर अंधारात एकटी चालत जाऊ नकोस, बरोबरच्या बायकांच्या घोळक्यात राहा.

परवा म्हसाची जत्रा भरली. तुझी आजी सोनूबाई होती तेव्हा आम्ही दर साल जायचो, घोंगडी घ्यायचो. यंदा सायबांकडे पाव्हणे येणार म्हणून मॅनेजरनं सोडलं नाही. बंगल्याची राखण, झाडांना पाणी, पोहायच्या टाकीतला पाला काढणं हे माझ्याच्यानं अजून होतं. पण मॅनेजर म्हणाला, "काका, तुमचं आता वय झालं." हसत म्हणाला, म्हणून मला जास्त भीती वाटली. रागानं म्हणाला असता तर मी पाया तरी पडलो असतो.

तुझा बाप गेल्यापासून आपल्या घरात तुझाच पगार काय तो खरा. माझे इथले पैसे औषधात जातात. तुझी नोकरी आहे तोवर मला धीर आहे. म्हणून सांगतो, मान खाली घालून काम कर. कोणी बोललं तर ऐकून घे.

तुझा आजा,
महादू घायवट

*

आटगाव,
२३ जानेवारी २०२५

ती. आजोबांना,
सविनय जय भीम.

नळी बदलली. कडी लावते. घोळक्यातच चालते, आणि त्या घोळक्यात रूपा असल्यावर बिबट्यासुद्धा वाट सोडेल, इतकी ती बडबडते.

तुम्हाला काल घडलेलं सांगते. घाबरू नका असं लिहिणार होते, पण तुम्ही घाबरणारच.

काल आमच्या कंपनीचा वाढदिवस होता. मुंबईचे सर्वांत मोठे साहेब आले होते. आम्हाला काम थांबवून पॅकिंगच्या हॉलमध्येच उभं केलं. तिथं भाजीवर केस किंवा थुंकी पडू नये म्हणून सगळ्यांना टोपी, मास्क आणि पांढरा एप्रन असतो. साहेबांनीही टोपी घातली होती. रूपा माझ्या कानात म्हणाली, "गो, टोपीत तर ह्यो आपल्यातलाच वाटतोय. याला पन मटार भरायला लावा." मला हसू आवरेना.

साहेब माईकवर बोलले. आपण सगळे एक कुटुंब आहोत, म्हणाले. यंदा धंदा कठीण गेला, म्हणून पगारवाढ पुढच्या वर्षी बघू, थोडी कळ सोसा. कुटुंबात असं चालतं.

आता यातली गोम अशी की गणपतीच्या सुमाराला पेपरात आमच्या कंपनीची बातमी आली होती. साहेबांचा पगार वर्षाला साडेअठरा कोटी, आणि तो त्या साली वाढलेला. रूपाच्या नवऱ्यानं भजी आणलेल्या कागदात ती सापडली, फोटोसकट. तेव्हापासून गाडीत आमचा तोच विषय. आमच्या हातात ठेकेदार महिन्याला तेरा हजार आणि वर काहीतरी देतो. फोनवर भागाकार केला तर त्यांच्या एका वर्षासाठी आम्हाला अकराशेच्या वर वर्षं लागतात. रूपा म्हणाली, "नाणेघाटात जकातीचा रांजण कोरला, त्या दिवसापासून मी उभी राहून मटार भरले असते, तरी आज सायबाची दोन वर्षं भरली नसती." सगळी गाडी हसली.

तर काल साहेब म्हणाले, कोणाला काही विचारायचंय का? असं विचारतात तेव्हा कोणी काही विचारायचं नसतं. पण मागून एक बाईचा आवाज आला. "सायेब, तुमचा एका सालाचा पगार आमाला मिळवायचा तर किती सालं उभं ऱ्हावं लागंल?"

साहेब हसले, पण ओठांनीच. "कोण बोललं? पुढे या, घाबरू नका." दोनशे बायका, दोनशे मास्क. कोणी हललं नाही. मग साहेब म्हणाले, "चांगला प्रश्न आहे," आणि माईक ठेवून गेले.

तेव्हापासून आमचा सुपरवायझर शेखर एकेकीला केबिनमध्ये बोलावतोय. कोण होती? अजून कोणी बोललेलं नाही.

पेपरचा तो तुकडा सोबत पाठवते. आता इथं कोणाजवळ सापडायला नको. तुम्ही वाचा आणि चुलीत घाला.

तुमची,
श्वेता

*

धसई,
२७ जानेवारी २०२५

चि. श्वेता बाय, आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुकडा वाचला. फोटो बघितला. किती वेळ बघितला ते सांगत नाही. जुना फोटो दिसतो, आता चष्मा बदललाय. माणूस तसा वाईट वाटत नाही.

पोरी, हे कशाला गो करायचं? अकराशे वर्षं म्हणे. मी बहात्तर वर्षांचा आहे आणि एवढ्यातच थकलो. कोणाला किती मिळतं ते बघून आपल्या ताटात भात वाढतो का?

मला खरं सांग. तूच विचारलंस ना? मी तुला ओळखतो. लहानपणी धसईच्या दुकानात मी तुला घेऊन जायचो तर तू वाण्याच्या तराजूखाली वाकून बघायचीस, मागच्या पारड्याला काही चिकटवलंय का म्हणून. वाणी चिडायचा आणि मला त्याची माफी मागावी लागायची. तू विचारलं असशील तर शेखरकडे जा आणि चूक झाली म्हण. एकदा वाकलं की माणसं सोडून देतात. मी आयुष्यभर तसाच जगलो, आणि माझं कोणी वाकडं केलं नाही.

नाहीतर मी बघतो काय करता येईल ते. मोठ्या माणसाजवळ नीट शब्दात सांगितलं तर तो ऐकतो. तू काळजी करू नको.

तुकडा चुलीत घालणार होतो, पण घातला नाही. त्या फोटोला आग लावायला हात झाला नाही.

तुझा आजा

*

आटगाव,
१ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबा, जय भीम.

चष्मा बदललाय हे तुम्हाला कसं ठाऊक? साहेब आमच्याकडे आले तेव्हा त्यांना चष्मा होता की नव्हता हे मलाही आठवत नाही. टीव्हीवर बघितलंत का?

तुम्ही विचारलंत, मी होते का. आजोबा, आम्ही सगळ्याजणींनी गाडीत ठरवलंय, कोण होतं ते घरीसुद्धा सांगायचं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आज्यालाही नाही. म्हणून मी होते असं म्हणत नाही, नव्हते असंही म्हणत नाही.

ज्या बाईनं विचारलं तिच्याजवळ गमावण्यासारखं फारसं नाही, एवढंच सांगते.

शेखरनं आता नवी युक्ती काढली आहे. ठेकेदाराचं आमचं कंत्राट फेब्रुवारीअखेर संपतं. नाव कळेपर्यंत कोणाचंच पुढे वाढवणार नाही म्हणाला. ज्या बाईची दोन पोरं शहापूरला शाळेत आहेत तिला एकटीला बोलावून म्हणाला, "तू सांग, तुझं मी बघतो." ती म्हणाली, "साहेब, मास्क तुमीच घालायला लावता. आता आमाला कसं कळंल?"

भीती मलाही वाटते. गाडीत पूर्वीसारखं कोणी हसत नाही. एकमेकींकडे बघतो आणि वाटतं, ही तर नाही ना सांगणार? ती माझ्याकडेही तसंच बघत असेल.

तुम्ही काही करू नका. कोणाला भेटू नका, कोणाजवळ माझं नाव काढू नका. फक्त गप्प राहा. माझ्यासाठी एवढं करा.

श्वेता

*

धसई,
१० फेब्रुवारी २०२५

चि. श्वेता बाय, अनेक आशीर्वाद.

आता तू निश्चिंत झोप. तुझं काम झालं.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. तुझं पत्र आलं तेव्हाच सांगणार होतो, पण धीर झाला नाही. तो फोटो ज्याचा आहे तेच माझे सायेब. ज्या बंगल्याची मी चार वर्षं राखण करतो तो त्यांचाच. फाटकावर बाईसायबांचं नाव आहे आणि माझे पैसे ठाण्याचा मॅनेजर देतो, म्हणून ते कुठल्या कंपनीचे ते मी कधी विचारलं नाही. आपण कशाला विचारायचं? तुकड्यातला फोटो बघितला तेव्हा कळलं. माझा तांदूळ आणि तुझा तांदूळ एकाच माणसाच्या हातून येतो. ते एकदा रागावले तर आपल्या दोघांची चूल एका दिवशी विझेल.

तू गप्प राहा म्हणालीस. राहिलो. आठवडाभर राहिलो. पण रात्री झोप येईना गो. वाटायचं, त्यांना आपोआप कळलं तर? ते म्हणतील, हा म्हातारा माझ्या घरात राहतो आणि याच्या नातीनं मला चार माणसांत खाली बघायला लावलं, आणि यानं सांगितलंही नाही. त्यापेक्षा आपणच जावं.

काल रविवारी ते आले. मी धुतलेला सदरा घातला, वालाच्या शेंगा आणि पाच शेर नवा तांदूळ घेतला आणि गेलो. ते झोपाळ्यावर चहा पीत होते. मी हात जोडले. म्हटलं, "सायेब, माझी नात तुमच्या आटगावच्या कंपनीत आहे. पोर बिनआईबापाची आहे. त्या दिवशी तिच्या तोंडून गेलं. पोटात घाला."

पहिल्यांदा त्यांना कळलंच नाही. मग कळलं. पण रागावले नाहीत! "काका, बसा ना," म्हणाले. चार वर्षांत मी त्या खुर्च्या रोज पुसल्या, बसलो काल पहिल्यांदा. अगदी कडेला बसलो. म्हणाले, "घाबरू नका. नाव काय तिचं?" मी सांगितलं. आडनाव सांगितलं, पॅकिंगला असते तेही सांगितलं. त्यांनी फोनमध्ये लिहून घेतलं. दोनदा विचारून नीट लिहिलं, म्हणजे लक्षात ठेवणार.

मग मला म्हणाले, "तुम्हाला इथं किती मिळतात?" मला नऊ हजार मिळतात. मी दहा सांगितले. बाईसायेब शेजारी बसल्या होत्या, त्यांच्यासमोर सायबांना कमीपणा वाटू नये म्हणून. ते "बरं" म्हणाले आणि चहा प्यायले. बाईसायबांनी शेंगा आत नेल्या. जाताना सायेब म्हणाले, "तुमची नात हुशार आहे."

बघ, मी म्हणत होतो ना, माणूस वाईट नाही. आता शेखर तुला काही करणार नाही. वरून निरोप जाईल.

तुझा आजा

*

आटगाव,
१९ फेब्रुवारी २०२५

आजोबांना,

वरून निरोप आला. तुमचं पत्र साईनाथकडून संध्याकाळी मिळालं, निरोप त्याच सकाळी आला.

मंगळवारी, अकरा तारखेला, मी फाटकावर पास लावला तर दिवा लाल झाला. वॉचमन म्हणाला, बाजूला थांब. गाडीतल्या सगळ्या बायका आत गेल्या, मी एकटी बाहेर. मग मला ऑफिसात नेलं. तिथं मुंबईची मॅडम होती. गोड बोलत होती. म्हणाली, "आम्हाला कळलंय, लपवू नकोस." मी म्हटलं, कोणी सांगितलं? शेखर म्हणाला, "तुझ्या आजोबांनीच. बंगल्यावर येऊन माफी मागून गेले."

आजोबा, मला वाटलं तो खोटं बोलतोय. मी त्याला म्हणाले, माझे आजोबा फाटकाबाहेर पडायलासुद्धा घाबरतात.

मी नव्हते. आता सांगते. मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही. मी तर हसू दाबत उभी होते. तोपर्यंत त्यांच्याजवळ एकही नाव नव्हतं, दोनशे मास्क होते फक्त. पहिलं नाव तुम्ही दिलंत, आणि तेही चुकीचं.

मी मॅडमना म्हटलं, मी नव्हते. त्या म्हणाल्या, "मग कोण होतं ते सांग. आज, आत्ता तुझा पास चालू करते. कायमची नोकरीसुद्धा देऊ, ठेकेदाराची नाही." त्यांनी पाणी दिलं, पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "आठवत नाही. आवाज मागून आला." शेखर म्हणाला, "हुशार आहेस म्हणे. मग घरी बसून हिशोब कर."

त्या दिवशी खोलीवर येऊन तुमचं पत्र वाचलं. दहा हजार सांगितले म्हणालात तिथपर्यंत रागानं वाचलं, मग पुढचं वाचवेना. मी तुमच्यावर रागावले आहे. पण तुम्ही त्या खुर्चीच्या कडेला कसे बसला असाल ते डोळ्यांसमोर येतं आणि राग टिकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज डबा घेऊन फाटकाबाहेर करंजाच्या झाडाखाली बसते. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत रूपा एकटी आली. "कंपनीची भाजी खाऊन कंटाळा आला, म्हटलं तुझी सुकट खाऊ." मग पाच आल्या. आता वीस-पंचवीस येतात. टोपी-मास्क घालूनच बाहेर येतात आणि तोंडं आत करून गोल बसतात, मग मास्क काढून जेवतात. वरून कॅमेरे फोटो घेतात, पाठी येतात फक्त. घोषणा नाही, काही नाही. जेवतो आणि त्या आत जातात. शेखरला हे काय आहे तेच कळत नाही, त्यामुळे तो जास्त बिथरला आहे. काल पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. बायका जेवत राहिल्या.

कंत्राट पुढच्या आठवड्यात संपतं. पुढे काय होईल माहीत नाही. खोलीचं भाडं रूपानं या महिन्यापुरतं दिलं आहे.

त्या गोलात ती बाईही असते, जिनं विचारलं. परवा ती मला म्हणाली, "पोरी, सांगून टाक माझं नाव. मी लाकडं विकीन." मी नाही म्हटलं. आजोबा, तुम्हाला ती कोण ते कळायला हवं. ज्या बाईसाठी तुमची नात बाहेर बसली आहे तिचं नाव तुम्हाला ठाऊक असावं असं मला वाटतं. पुढच्या पत्रात लिहीन, नाहीतर भेटायला आले की सांगेन.

श्वेता

*

धसई,
२४ फेब्रुवारी २०२५

श्वेता बाय,

पत्र वाचून मी दिवसभर पंपाच्या खोलीत बसून राहिलो. झाडांना पाणी घालायचं राहिलं. माफी मागायला मी सायबाकडे धावत गेलो, आता तुझ्याकडे मागायची तर शब्द सापडत नाहीत. तिकडे कसे भराभरा सापडले होते!

पण लिहायचं वेगळंच आहे आणि ते लवकर लिहायला हवं, कारण साईनाथ उद्या पहाटे निघतो.

बंगल्याच्या फाटकावर आता दोन गार्ड ठेवलेत. भिंतीवर नवे कॅमेरे बसवले. मला वाटलं बिबट्यासाठी. काल सायेब आले, गाडीतून उतरायच्या आधी काच खाली करून रस्त्याकडे बघितलं. मग मला बोलावलं. पुन्हा त्याच खुर्चीवर बसवलं. म्हणाले, "काका, त्या बायका इथे येणार नाहीत ना?"

मला आधी उमजेना. मग मी म्हटलं, "सायेब, त्यांना मधल्या सुट्टीत अर्धा तास मिळतो. इतक्या लांब कशा येतील?" ते हसले नाहीत. बाईसायेब म्हणाल्या, यांना रात्री झोप नाही. बाई गो, मी त्यांच्याकडे बघत राहिलो. एवढी मोठी टाकी, एवढी भिंत, साडेअठरा कोटी, आणि तो माणूस माझ्यासारखा हात चोळत होता. मला वाटलं होतं भिण्याचं काम आपल्याकडेच आहे.

मला बरं वाटायला हवं होतं. उलट धास्ती वाढली. मी भ्यालो तेव्हा काय केलं ते तू बघितलंस. माझ्या हातात तुझ्या नावाशिवाय काही नव्हतं, तेवढं मी देऊन टाकलं. त्यांच्या हातात किती जणींची कामं आहेत.

मी सांगितलं, "सायेब, ती नव्हती. माझी चूक झाली. माझ्या नातीला परत घ्या." ते लगेच पुढे वाकले. "मग कोण होतं?" मी म्हटलं, माहीत नाही. म्हणाले, "तुम्ही विचारा ना तिला. तुम्हाला ती सांगेल. मला फक्त नाव हवंय, मी कोणाचं वाईट करणार नाही. तिचा पास त्याच दिवशी चालू होईल. आणि काका, तुमचे पैसे मी मॅनेजरला विचारले. तुम्हाला नऊच मिळतात. तेही बघू." माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो."

मी हो म्हणालो.

खोटं कशाला लिहू, मी हो म्हणालो. नाही म्हणायचं मनात होतं, आणि तोंडातून हो गेलं. जन्मभराची सवय आहे. रविवारी ते पुन्हा खुर्ची पुढे करतील, चहा देतील, तुझी नोकरी समोर ठेवतील आणि विचारतील. मला ठाऊक असेल तर मी सांगेन. मी कितीही ठरवलं तरी सांगेन. तुझ्यासाठी म्हणून सांगेन आणि रडत सांगेन, पण सांगेन.

म्हणून ते नाव मला लिहू नको. भेटायला येशील तेव्हाही बोलू नको. मी विचारलं तरी, हात जोडून विचारलं तरी सांगू नको. ती बाई कशी दिसते, कुठल्या पाड्यावरची, तिला पोरं किती, काही म्हणजे काही सांगू नको. लाकडं विकते एवढं लिहिलंस तेही मला कळायला नको होतं. तुझं ते पत्र मी चुलीत घातलं.

रविवारी मी त्यांच्यासमोर बसेन. मला काही ठाऊक नसलं तर तेवढं तरी मला जमेल.

तुझा आजा,
महादू